साज, लगाम आणि डावा हात

पक्षाघातानंतर घरात ज्या वस्तू येतात, त्यांचा एक ठरावीक क्रम असतो. प्रथम काठी येते, मग स्नानगृहाच्या भिंतीला आधाराची दांडी बसते, न घसरणारे स्टूल येते, आणि सात वारांच्या सात कप्प्यांची औषधांची डबी जेवणाच्या टेबलावर कायमची मुक्कामाला येते. आमच्या घरीही हा क्रम चुकला नाही. चौथ्या वर्षी मात्र अशी एक वस्तू आली, की तिला ठेवायचे कोठे हाच प्रश्न पडला. ती वस्तू म्हणजे एका तट्टाच्या गाडीचा संपूर्ण चामडी साज.

आम्ही 1979 पासून इंग्लंडमध्ये, श्रॉपशायर परगण्यात राहतो. हे आता 74 वर्षांचे आहेत, मी सत्तरीची. ह्यांचा आघात मेंदूच्या उजव्या बाजूस झाला. त्यामुळे वाणी शाबूत राहिली, पण डावा हात आणि डावा पाय दुर्बळ झाले. त्याहून अवघड गोष्ट अशी, की डाव्या बाजूचे अवधानच उणावले. डोळ्यांना दिसत असते, पण मन त्या बाजूकडे वळत नाही. ताटातील डाव्या अर्ध्या भागातला भात तसाच राहतो, दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको. डावा हात मांडीवर मिटून ठेवून हे चार वर्षे समारंभ टाळत राहिले. पुण्यातली दोन लग्ने झाली, मंडळाचा गणेशोत्सव झाला. हे घरी, किंवा फार तर मोटारीत बसून.

येथे रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन नावाची संस्था 1969 पासून काम करते. नावावरून वाटते की केवळ घोडेस्वारीच शिकवीत असतील, पण तिच्या अनेक शाखांत घोडागाडी हाकण्याचे शिक्षणही दिले जाते. गाडी बुटकी असते. काही गाड्यांना मागून उतार असतो, त्यावरून चाकांची खुर्ची थेट आत नेऊन पक्की बसवता येते. शिकणाऱ्याच्या शेजारी एक अनुभवी, सुदृढ चालक बसतो आणि त्याच्या हातात लगामाची दुसरी स्वतंत्र जोडी असते. डॉक्टरांची संमती मिळाल्यावर हे दर गुरुवारी तेथे जाऊ लागले. दीड वर्ष झाल्यावर शिक्षिकाबाईंनी गावच्या उन्हाळी प्रदर्शनातील गाडी हाकण्याच्या स्पर्धेत उतरण्याविषयी विचारले. ह्यांनी दोन दिवस काहीच उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी म्हणाले, "साज घरी आणता येईल का, ते विचार."

आमचा मुलगा दूरध्वनीवर म्हणाला, "आई, बाबा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात. पडले तर?" प्रश्न योग्य होता आणि मी तो डॉक्टरांपुढे जसाच्या तसा मांडला. या गोळ्या चालू असताना डोक्याला मार बसला, तर वरून काही दिसत नसले तरी त्वरित रुग्णालय गाठावयाचे, हे त्यांनी पुन्हा बजावले; शिरस्त्राण प्रमाणित आणि अचूक मापाचे असावे, धनुर्वाताच्या लसीची नोंद पाहून ठेवावी, असेही सांगितले. या साऱ्याची पूर्तता करून मी मुलाला कळवले. त्याचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. परंतु घरात खुर्चीत बसूनही माणूस खालावत जातो, हे मी चार वर्षे जवळून पाहत होते आणि तो दर महिन्या-दीड महिन्याने पाहत होता.

साज आला तो एका मोठ्या पिशवीतून. बाहेर काढून टेबलावर मांडला तेव्हा पट्टे, कड्या आणि बकले यांचा नुसता गुंता दिसला. मला एकाही भागाचे नाव ठाऊक नव्हते. ह्यांना होते, आणि तेही मराठीत. ह्यांचे बालपण मिरजेचे. स्थानकाबाहेरच्या टांगेवाल्यांकडे तासन्‌तास उभे राहून ऐकलेले शब्द साठ वर्षांनी बाहेर आले : पोटाखालून आवळायचा तो तंग, शेपटीखालून जाणारी ती दुमची, डोळ्यांच्या बाजूंना ती झापडे. इंग्रजी नावे शिकायला ह्यांना महिनाभर लागला होता. ही मात्र विचारण्याआधीच ओठांवर आली.

रोजच्या सरावाचा साज कृत्रिम धाग्याच्या पट्ट्यांचा असतो. तो हलका असतो, पाण्याने धुता येतो, आणि दुर्बळ हाताला सोपा जातो. प्रदर्शनासाठी मात्र चामड्याचा वापरावा अशी ह्यांची इच्छा. त्याची निगा राखणे हे स्वतंत्र शास्त्रच आहे. प्रत्येक बकल सोडवून पट्टा वेगळा करायचा, कोमट ओल्या फडक्याने घामाचा थर पुसायचा, मग ग्लिसरीनच्या साबणाचा हात फिरवायचा. तेल बेताने, अति तेलाने चामडे लिबलिबीत होते आणि शिवण कुजते. वाळवायचे ते सावलीत, शेगडीजवळ कदापि नाही. पितळेची झिलई करताना पावडर चामड्याला लागू द्यायची नाही, आणि घोड्याच्या तोंडात जाणारा लगामाचा लोखंडी भाग केवळ स्वच्छ पाण्याने धुवायचा. तरी हे सारे दिखाऊपणाचे म्हणावे लागेल. खरे काम तपासणीचे. जेथे पट्टा बकलात दुमडतो तेथे तो उलटा वाकवून तडा गेला आहे का ते पाहायचे, शिवणीचा प्रत्येक टाका ओढून पाहायचा, छिद्र लांबट झाले असेल तर तो पट्टा बाजूला काढायचा. भर मैदानात लगामाचा टाका तुटला, तर त्या क्षणी करण्यासारखे फार थोडे उरते.

आमच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंना मी याविषयी सांगितले, तेव्हा त्या प्रसन्न झाल्या. त्यांचा आग्रह पूर्वीपासून असा, की दुर्बळ हाताला निदान धरून ठेवण्याचे काम द्यावे, त्याला कामातून वगळू नये. येथे ते आपोआपच होत होते. डाव्या तळव्याखाली पट्टा दाबून धरायचा आणि उजव्याने फडके चालवायचे. पहिल्या संध्याकाळी एका बकलाला अकरा मिनिटे लागली. मी समोर मटार सोलत बसले होते. हात पुढे करण्याचा मोह काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला होतो. मटार सोलण्याचा उपयोग असा, की आपले दोन्ही हात गुंतलेले राहतात. सगळा साज डाव्या बाजूने सुरू करून उजवीकडे मांडायचा, हा नियमही बाईंनीच घालून दिला. त्यामुळे नजरेला डावीकडे जाणे भाग पडे.

लगामाचा प्रश्न निराळा होता. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत दोन्ही लगाम डाव्या हातात असतात, आणि उजवा हात चाबकासाठी व मदतीसाठी मोकळा राहतो. म्हणजे नेमका जो हात गेला, त्याच्यावरच सारी भिस्त. त्यावर तोडगा म्हणून ह्यांच्या लगामांना ठरावीक अंतरावर चामड्याची कडी शिवली आहेत. बोटे मिटून घट्ट धरता आली नाहीत तरी हात कड्यात अडकतो. मनगट मात्र कधीही बांधून टाकावयाचे नाही, हात क्षणात निसटला पाहिजे. हातमोजे तपकिरी चामड्याचे असावेत असा रिवाज आहे. ह्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना ताठरपणा असल्यामुळे तो मोजा एक माप मोठा घेतला, आणि सकाळी हात कोमट पाण्यात ठेवून मगच चढवायचा असे ठरले. गुडघ्यांवर घ्यावयाचे कापड मी जुन्या लोकरी ब्लँकेटातून शिवले.

ब्रिटनच्या राजघराण्यातील प्रिन्स फिलिप यांनी 1971 साली, पन्नाशीला, मनगटाच्या दुखण्यामुळे पोलो सोडला आणि घोडागाडी हाकण्यास आरंभ केला. या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि नव्वदीतही ते फेल जातीची तट्टे जोडून गाडी हाकत. एप्रिल 2021 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी विंडसर किल्ल्याच्या चौकात त्यांची गाडी उभी होती, आसनावर टोपी आणि हातमोजे ठेवलेले होते. ते दृश्य आम्ही दूरदर्शनवर पाहिले तेव्हा ह्यांना या विद्येचा गंधही नव्हता. अलीकडे त्यांचे उदाहरण आमच्या घरात जरा जास्तच वेळा दिले जाते.

आमचे तट्टू वेल्श जातीचे, राखी रंगाचे. घोड्याची उंची येथे 'हँड'मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे 4 इंच. हे 12 हँडांचे, म्हणजे खांद्यापाशी 48 इंच. एवढेसे असले तरी माणसापेक्षा कितीतरी बलवान, म्हणून साज चढवण्याचा क्रम ठरलेला. आधी छातीचा पट्टा, मग पाठीवरील खोगीर आणि तंग, दुमची आणि गाडी रोखणारा मागचा पट्टा, शेवटी तोंडावरची झापडांची लगाम. तट्टू गाडीत मागे ढकलायचे नाही, गाडी मागून पुढे आणायची, आणि सर्व काळ एक माणूस तट्टाच्या तोंडाशी उभा. लगाम हाती घेऊन चालक प्रथम चढतो, बाकीचे नंतर. तट्टू गाडीला जोडलेले असताना झापडे कधीही काढायची नाहीत. एकाएकी पाठीमागे फिरती चाके दिसली, तर शांत जनावरही उधळते. हा क्रम ह्यांनी इतक्या वेळा म्हणून घेतला की मलाही पाठ झाला.

आदल्या रात्री दोन पिशव्या भरल्या. तट्टाच्या पिशवीत जादा पट्टा, लगाम तुटल्यास जोडण्याचा तुकडा, छिद्रे पाडण्याचे हत्यार, सुतळी, चाकू, खूर साफ करण्याची आकडी, म्होरकी आणि चाकाचा पाना. ह्यांच्या पिशवीत दुपारची गोळी, औषधांची व डॉक्टरांच्या क्रमांकाची चिठ्ठी, पाणी, केळी, उन्हाची टोपी, जादा पायमोजे आणि शाल. शिवाय हात टेकता येतील अशी घडीची खुर्ची. मैदानावरचे स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, वाट चढाची की सपाट, हे मी चार दिवस आधी जाऊन पाहून आले होते. आजारी माणसाला घेऊन बाहेर पडणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की ही एक गोष्ट कोणालाही फोनवर विचारू नये, स्वतः चालून पाहावी. पक्षाघातानंतरचा थकवा साध्या दमण्यासारखा नसतो, तो अचानक आणि पूर्णपणे येतो. म्हणून ह्यांची पाळी सकाळच्या सत्रात घ्यावी अशी विनंती आम्ही केली होती, ती मान्य झाली.

स्पर्धा शंकूंमधून गाडी नेण्याची होती. शंकूंच्या दहा जोड्या, प्रत्येक शंकूच्या माथ्यावर चेंडू. चाकाचा धक्का लागून चेंडू पडला की दंड. दोन शंकूंमधील अंतर चाकांच्या रुंदीपेक्षा थोडेसेच अधिक ठेवतात. उजवीकडे लाल खूण, डावीकडे पांढरी, असा या खेळातील सार्वत्रिक संकेत. ह्यांच्यासाठी अख्खी परीक्षा त्या पांढऱ्या खुणेत होती. शिक्षिकाबाईंनी एक युक्ती शिकवली होती : प्रत्येक जोडीपूर्वी "पांढरा" असे मोठ्याने म्हणायचे, आणि तो दिसल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मैदानाच्या दोरीमागे दीडशे-दोनशे माणसे असतील. ह्यांचा डावा हात कड्यात अडकवलेला, सर्वांना दिसेल असा. मी दोरीपाशी उभी होते. तट्टू दुडकीने आत आले, आणि त्या इंग्रज गर्दीत मला स्पष्ट ऐकू आले : "पांढरा!" ह्यांनी मराठीतच म्हणावयाचे ठरवले होते, हे मला तेव्हा कळले. दहा वेळा तो शब्द आला. चौथ्या जोडीचा डावा चेंडू पडला, आठव्या जोडीचा उजवा. शेजारच्या बाईंनी लगामाची दुसरी जोडी एकदाच, वळणावर, किंचित आवळली.

सहा गाड्यांत चौथा क्रमांक आला. येथे चौथ्याची फीत हिरवी असते. परतताना हे मोटारीत झोपले ते घरी पोहोचेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत उठले नाहीत. त्याची मला कल्पना होती. त्या दिवशी मी कोणालाच बोलावले नव्हते. मुलाने चित्रफीत पाहिली आणि फोनवर एवढेच म्हणाला, की शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली जरा सैल दिसतो. तो आवळला आहे.

साज अजून आमच्याकडेच आहे. ओढीच्या डाव्या पट्ट्याचे एक छिद्र लांबट झालेले ह्यांना सापडले, ते सप्टेंबरच्या आत कारागिराकडून बदलून घ्यावयाचे आहे. डिसेंबरात पुण्याला पुतण्याचे लग्न आहे. परवा पट्टा पुसता पुसता ह्यांनी विचारले, "कार्यालयाला पायऱ्या किती आहेत ग?" मी लगेच दिरांना फोन लावला. सात आहेत, आणि चढताना कठडा उजव्या हाताला येतो.