‘जेएस’ म्हणजे कोण?

न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावानं खिशातली चिल्लर माझ्या हातावर टेकवली. त्यात एक डाइम होतं, म्हणजे दहा सेंट. आपल्या जुन्या चाराण्यापेक्षाही चिमुकलं. त्यावर प्रेसिडेंट रूझवेल्ट एका बाजूनं, आणि मानेखाली भिंग लावलं तर दिसतील अशी दोन अक्षरं, जेएस.

१९४६ मध्ये हे नाणं आलं तेव्हा काही अमेरिकनांना वाटलं, जेएस म्हणजे जोसेफ स्टॅलिन! खरं तर ते जॉन सिनॉक, तिथल्या टांकसाळीचे चीफ एनग्रेव्हर. विषय संपला?

नाही ना! सेल्मा बर्क नावाची एक कृष्णवर्णीय शिल्पकार होती. वॉशिंग्टनमधल्या रेकॉर्डर ऑफ डीड्सच्या इमारतीसाठी रूझवेल्टचं शिल्प करायची स्पर्धा तिनं जिंकली. मनासारखा फोटो मिळेना, म्हणून बाईनं थेट प्रेसिडेंटनाच पत्र लिहिलं, समोर बसाल का? आणि ते बसले! २२ फेब्रुवारी १९४४ ला तिनं खाकी कागदावर त्यांची स्केचेस केली. एलेनॉर रूझवेल्टना चेहरा फार तरुण वाटला, तेव्हा बर्कनं सांगितलं की हे आजच्यासाठी नाही, उद्यासाठी आहे. सप्टेंबर १९४५ मध्ये शिल्पाचं अनावरण झालं. चारच महिन्यांनी डाइम आलं. १९९५ मध्ये जाईपर्यंत ती म्हणत राहिली, नाण्यावरचा चेहरा माझा आहे.

हे वाचून माझं डोकं सणकलंच. कारण माझी एक स्टोरी अशीच गेलीय. पाच दिवस उन्हात फिरून केलेली, आणि छापून आली ती एका सीनियरच्या बायलाइननं. फ्रीलान्सरनं भांडायचं कुणाशी? त्यामुळे मी आधीच बर्कच्या पार्टीत.

पण पुढे वाचत गेले तसं अवघड झालं. सिनॉकनं रूझवेल्टची पदकं आधीच केली होती. त्याच अभ्यासावरून नाणं केलं, असं तो म्हणायचा. आणि माणूस एकच, बाजूही एकच. नाक सारखंच येणार की! टांकसाळीनं श्रेय त्यालाच दिलं. मग मला वाटलं, चला, संपलं. तेवढ्यात १९२६ चा अर्धा डॉलर सापडला. त्याचं मूळ डिझाइन जॉन फ्रेडरिक लुईस यांचं, आणि नाव कित्येक वर्षं सिनॉकचंच. आता बोला! अर्थात, एकदा केलं म्हणजे दुसऱ्यांदाही केलंच, हा पुरावा नव्हे. तरी माझं मत? थोडं बर्ककडे झुकलेलं. शपथेवर नाही सांगणार.

त्या रात्री माझी जुनी फाइल काढली. छापलेली स्टोरी आणि माझी कॉपी शेजारी ठेवून पहिल्यांदाच नीट वाचली. मधले सगळे पॅराग्राफ शब्दन्‌शब्द माझे होते. इंट्रो मात्र त्याचा. माझ्यापेक्षा बरा.