संगणकाचे बिऱ्हाड

संगणकाच्या कोणत्याही दुखण्यावर दुकानात एकच औषध मिळते आणि त्याचे नाव 'फॉरमॅट'. यंत्र मंदावले, फॉरमॅट. व्हायरस शिरला, फॉरमॅट. मदरबोर्ड बदलायचा आहे, तरीही फॉरमॅटच. म्हणजे डिस्क पुसायची, संचालनप्रणाली पुन्हा कोरी बसवायची आणि बाजूला काढलेल्या फाइली परत आणून ठेवायच्या. ज्याच्या यंत्रात चार चित्रपट आणि आठ पत्रे आहेत त्याला हे औषध मानवते. परंतु ज्या यंत्रात वर्षानुवर्षे भाषेचे काम झाले आहे, त्याच्या बाबतीत या सल्ल्यामागे एक भाबडे गृहीत दडलेले असते. फाइली तेवढ्या मोलाच्या, आणि त्या ज्या व्यवस्थेत वाढल्या ती व्यवस्था कुठेही पुन्हा उभी करता येते, असे ते गृहीत होय.

ऑपरेटिंग सिस्टिमला कोणी कार्यप्रणाली म्हणतात, कोणी संचालनप्रणाली. आम्ही दुसरा शब्द वापरतो. बसविलेली संचालनप्रणाली एका यंत्रातून उचलून दुसऱ्या यंत्रात नेण्याला मात्र 'स्थलांतर' हा कचेरीतला शब्द आम्हांला पुरा पडत नाही. ते बिऱ्हाड हलविणे आहे. मराठीतील 'बिढार' आणि 'बिऱ्हाड', कानडीतील 'बिडार' ही एकाच घरची भावंडे. बेळगावात बसून लिहिणाऱ्यांना हा शब्द म्हणूनच अधिक जवळचा वाटत असावा.

आम्ही काही मंडळी गेली अनेक वर्षे सीमाभागातील मराठी बोलींचे शब्द चिठ्ठ्यांवर टिपून संगणकात चढवीत आहोत. २००४ साली घेतलेल्या त्या संगणकात विंडोज एक्सपी होती, ५१२ एमबी रॅम आणि ८० जीबीची डिस्क. शब्दांच्या नोंदी ज्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये होत्या, तो यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय उघडत नसे. तो नव्याने बसवायचा तर निर्मात्याला दूरध्वनी करून एक क्रमांक मागावा लागे, आणि त्या निर्मात्याने आपले दुकान केव्हाच आवरले होते. तात्पर्य, आमच्या डिस्कवर बसलेली प्रत हीच आमच्यापुरती त्या प्रोग्रॅमची शेवटची जिवंत प्रत. ती पुसली असती तर डोंगल हातात आणि नोंदी डिस्कवर असूनही एकही शब्द वाचता आला नसता.

एक्सपीत मराठी नीट दिसण्यासाठीही एक खूण करावी लागे. प्रादेशिक भाषांच्या पटलावर संयुक्त लिप्यांसाठीची चौकट निवडली की ती मूळ सीडी मागे, आणि सीडी नसेल तर जोडाक्षरे विस्कटलेली राहत. अशा किती बारीकसारीक खुणा आम्ही त्या यंत्रात केल्या होत्या, त्यांची यादी कोणाजवळच नव्हती. ती यादी म्हणजेच ती बसवलेली प्रणाली.

२०२१ च्या पावसाळ्यात मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले दिसले. यंत्र तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला सुरू होई. तंत्रज्ञ आला, पाहिले आणि म्हणाला, "काका, बोर्ड मिळणार नाही. नवीन मशीन घ्या, फॉरमॅट मारून देतो." मुलगा सज्जन होता, त्याला चहा पाजून परत पाठविले.

जुनी डिस्क काढून नव्या यंत्राला जोडली तर काय होते, हे अनेकांनी पाहिले असेल. खिडकीचे चिन्ह क्षणभर दिसते, मग निळा पडदा, आणि त्यावरील आकड्याच्या शेवटी 'सेव्हन बी'. याचा अर्थ डिस्क बिघडली असा नव्हे. प्रणाली सुरू होताना तिला स्वतःच्याच फाइली वाचायच्या असतात, आणि त्या वाचण्यासाठी डिस्क ज्या कंट्रोलरला जोडलेली असते त्याचा ड्रायव्हर आधीच तयार असावा लागतो. एक्सपीने जुन्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तेवढा लक्षात ठेवलेला असतो. घराची किल्ली घरातच राहिली आणि दार बाहेरून लागले, अशी ती अवस्था. लिनक्सचे असे होत नाही. तिचा बहुतेक ड्रायव्हरसंच कर्नेलबरोबरच येतो आणि दर वेळी सुरू होताना ती समोर काय आहे ते नव्याने पाहते. आमच्यातील एकाची लिनक्स डिस्क नव्या यंत्रात अर्ध्या तासात रुळली. विंडोज १० देखील या बाबतीत पुष्कळ समजूतदार आहे. एक्सपी मात्र जुन्या वळणाची.

म्हणून तयारी निघण्यापूर्वी, जुन्या घरातच करावी लागते. आम्ही प्रथम क्लोनझिलाने डिस्कची अक्षरशः जशीच्या तशी प्रत काढली आणि मूळ डिस्कला पुढे हात लावायचा नाही असे ठरविले. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन निर्मात्याच्या खास ड्रायव्हरऐवजी 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' हा सर्वांना चालणारा ड्रायव्हर निवडला. एवढ्याने एखाद्या मधल्या पिढीच्या बोर्डावर काम भागले असते. बायोसमध्ये साटा डिस्कला आयडीई पद्धतीवर ठेवले की एक्सपी तिथे नांदते. आमच्या नव्या यंत्रात ती सोय नव्हती, आणि त्याला केवळ यूईएफआय ठाऊक होते. एक्सपीला यूईएफआय येत नाही. दोघांची भाषाच वेगळी म्हटल्यावर मध्ये दुभाषा हवा.

तो दुभाषा म्हणजे आभासी यंत्र. जुने यंत्र एकदाचे सुरू झाले तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील डिस्क-टू-व्हीएचडी या साधनाने चालत्या डिस्कची एक फाइल केली आणि ती नव्या यंत्रातील व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडली. व्हर्च्युअलबॉक्स एक्सपीला जुन्या धाटणीचा आयडीई कंट्रोलर दाखवते आणि तिला आपण परक्या घरात आहोत याचा पत्ताही लागत नाही. तरी थोडा लागलाच. 'नवीन हार्डवेअर सापडले' असे फुगे एकामागून एक उठले, आणि तीन दिवसांत परवाना पुन्हा नोंदवा असे तिने बजावले. आमची प्रत यंत्राबरोबर आलेली नव्हती, वेगळी विकत घेतलेली होती. तशी प्रत दुसऱ्या यंत्रात नेण्यास मुभा असते. यंत्राबरोबर येणारा परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो, हे ज्यांना बिऱ्हाड हलवायचे आहे त्यांनी आधी पाहून घ्यावे. डोंगल यूएसबीतून आत पोचविले. प्रोग्रॅम उघडला. आम्ही शोधाच्या चौकटीत 'बिऱ्हाड' टाइप केले आणि नोंद समोर आली. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्याने या आभासी यंत्राला इंटरनेटचे दार आम्ही मुळीच उघडलेले नाही.

प्रणाली अशी सुखरूप पोचली, पण शब्द अजून जुन्याच घरात होते. त्या प्रोग्रॅमच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसविलेली आहेत. फॉन्ट काढला की पानावर रोमन अक्षरांचा कचरा उरतो. त्यात वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर साठवलेले, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर येते. रफारही तिथे ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी येतो. हे सारे उलटसुलट करून देणारे परिवर्तक मिळतात आणि वेलांटीचे काम ते बरे करतात.

गाडे अडते ते 'ऱ्' वर. आमच्या हाती आलेल्या परिवर्तकाने 'बिऱ्हाड'चे 'बिर्हाड' केले. हिंदीच्या सवयीने घडवलेल्या साधनाला अर्धा र म्हणजे रफार एवढेच ठाऊक. परंतु मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातील खोल जागा. 'आचार्यांना' नमस्कार करायचा असतो आणि 'आचाऱ्यांना' किती पाने वाढायची ते सांगायचे असते. अर्थ फिरतो तिथे यंत्रावर विसंबणे अशक्य. त्यात आणखी गुंता असा की हा 'ऱ्' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखेच, आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. 'ॲ'चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर आपण सर्वांनी 'अ'वर चंद्र चढवून वेळ निभावली. आमच्या संग्रहात दोन्ही नांदत होती, म्हणून शोधाच्या दृष्टीने एकच शब्द दोनदा नोंदलेला.

तेव्हा परिवर्तित नोंद एका बाजूला, आभासी एक्सपीतील मूळ नोंद दुसऱ्या बाजूला, असे दोघेजण रोज संध्याकाळी बसतात. एक वाचतो, दुसरा पाहतो. 'ऱ्' सर्वत्र एकाच पद्धतीने लिहायचा आणि 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणूनच ठेवायचे, असा नियम कागदावर लिहून भिंतीला लावला आहे. मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. सध्या 'न' संपून 'प' सुरू झाला आहे.