पाहणे आणि दाखवणे

कथनमीमांसा शिकवताना एक भेद वारंवार सांगावा लागतो : पाहणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा. हा भेद मला अनपेक्षितपणे एका न्यायनिर्णयात भेटला. विषय होता इंग्लंडमधील एका नगरपरिषदेचे रस्त्यावरील कॅमेरे.

ऑगस्ट १९९५. एसेक्स परगण्यातील ब्रेंटवुड गावात रात्री उशिरा एक खचलेला माणूस हातात स्वयंपाकघरातील सुरी घेऊन हमरस्त्याने चालला होता. चौकात त्याने मनगटे कापून घेतली. परिषदेच्या कॅमेऱ्यात तो क्षण टिपला गेला नाही, पण कॅमेऱ्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याने सुरी पाहून पोलिसांना कळवले. पोलीस आले, उपचार झाले आणि त्याच्यावर कोणताही गुन्हा न नोंदवता त्याला सोडण्यात आले. आपला जीव बहुधा त्या कॅमेऱ्यामुळेच वाचला, हे त्याने स्वतः मान्य केले होते. त्याचे नाव खटल्याच्या शीर्षकातच आहे, तरीही ते येथे लिहावेसे वाटत नाही.

पुढे ऑक्टोबरमध्ये परिषदेने आपल्या कॅमेरा-योजनेच्या प्रसिद्धीसाठी त्या चित्रणातील दोन छायाचित्रे छापली. चेहरा झाकलेला नव्हता. हा माणूस दुःखी आहे, भांडण उकरायला आलेला नाही, असे मजकुरात म्हटले होते. परंतु लेखाचे सूत्र होते टळलेल्या धोक्याचे. ते सूत्र स्थानिक वृत्तपत्रांनी उचलले, नंतर दूरचित्रवाणीनेही. तेथे चेहरा झाकला गेला, पण तोही अपुरा. ओळखीच्यांनी त्याला ओळखले. एका माणसाची सर्वांत एकाकी रात्र संस्थेच्या यशकथेतील प्रसंग झाली होती. सहानुभूतीचे एक वाक्य चौकटीपुढे किती दुबळे ठरते, हे आपण वाचकांनी तरी ओळखायला हवे.

लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये परिषदेची कृती तिच्या अधिकारकक्षेत असल्याचे ठरवले. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने मात्र २८ जानेवारी २००३ रोजी त्याच्या खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला. चित्रीकरण हा तक्रारीचा विषयच नव्हता. विषय होता प्रसिद्धीचा. रस्ता सार्वजनिक होता, पण तो माणूस कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमासाठी तेथे आला नव्हता, आणि वाटसरूच्या नजरेस जेवढे पडले असते त्याहून कितीतरी अधिक जगापुढे मांडले गेले. त्याची संमती विचारता आली असती, चेहरा नीट झाकण्याची खबरदारी घेता आली असती.

पुढे २०१२ च्या कायद्यान्वये इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१३ मध्ये कॅमेऱ्यांविषयीची आचारसंहिता आली. तिची तत्त्वे बारा. कॅमेऱ्याचा हेतू निश्चित असावा, खाजगीपणावरील परिणाम वेळोवेळी तपासावा. आणि साठवलेली दृश्ये कोणाला, कशासाठी पाहता येतील याचेही नियम असावेत. स्थानिक परिषदांना ही संहिता विचारात घ्यावीच लागते. मात्र ती मोडली एवढ्यावरून खटला भरता येत नाही; न्यायालय तिची दखल घेऊ शकते, इतकेच. उणीव आहे खरी. तरीही पाहण्याइतकीच जबाबदारी दाखवण्याचीही असते, ही जाण त्या तत्त्वांमध्ये आहे, आणि मला ती मोलाची वाटते.

आपल्या वृत्तवाहिन्यांचा एक लाडका शब्दप्रयोग आहे : ‘घटना सीसीटीव्हीत कैद’. व्याकरणाच्या दृष्टीने येथे कैद होते ती घटना. घटना दोन दिवसांत विसरली जाते. त्या चौकटीतला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जात असतो आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यांनी त्याची गोष्ट आधीच ऐकलेली असते. ती सांगण्यापूर्वी त्याला कोणी विचारले होते का, हा प्रश्न आपण कथा-कादंबऱ्या वाचताना नेहमी विचारतो. नगरपालिकेच्या पडद्यासमोरही तो विचारायला हवा.