रंगवलेले डांगर

मराठी भाषेने भोपळ्याला फारसा मान दिलेला नाही. परीक्षेत भोपळा मिळतो, भ्रमाचा भोपळा फुटतो, दोन माणसांचे पटेनासे झाले की त्यांचे नाते विळ्या-भोपळ्याचे ठरते. त्यातल्या त्यात लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीत त्याला बरी भूमिका मिळाली आहे. पण तेथेही तो वाहनच. शोभेची वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहण्याचा प्रसंग आमच्या घरात आला तो 2025 च्या शरदात.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो आणि नागापूरला, औद्योगिक वसाहतीला लागून राहतो. त्या वर्षी सप्टेंबरातील अतिवृष्टीने अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतांचे अतोनात नुकसान केले होते. आमच्या गावाकडच्या रानातही पाणी साचून राहिले. दसरा 2 ऑक्टोबरला होता. विकतच्या माळा-तोरणांवर पैसे घालण्याची इच्छा कोणालाच नव्हती. अशा वेळी आमच्या कन्येने न्यू जर्सीतील मावसबहिणीने पाठवलेले एक छायाचित्र पुढे केले. दारासमोरच्या पायऱ्यांवर रंगवलेले भोपळे ओळीने मांडले होते. गोठ्याच्या पत्र्यावर चढल्यामुळे वाचलेल्या वेलाची पाच डांगरे आमच्याकडे आलेली होतीच (लाल भोपळ्याला गावाकडे डांगर म्हणतात). घरचे डांगर, घरचे रंग, खर्च जवळजवळ शून्य, असा तिचा हिशेब होता.

हिशेबात आजीला तिने धरले नव्हते. “खायच्या वस्तूला रंग फासत्यात का कुठं?” एवढेच आजी म्हणाल्या आणि डांगरे उचलून आत नेऊ लागल्या. 1972 च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी यांवर त्यांच्या माहेरचे घर तगले. त्या काळी डांगर शिंक्यात टांगलेले असे. देठ शाबूत असला आणि जागा कोरडी असली की ते महिनोन्‌महिने टिकते, म्हणून ते शेवटी चिरायचे. जी वस्तू अडचणीच्या दिवसासाठी राखायची, तिला पायरीवर मांडून रंगवायचे, हे त्यांना अभद्र वाटले. कन्येने ‘संस्कृती’ हा शब्द वापरताच वाद आणखी चिघळला.

ही परक्यांची चाल आहे, असे म्हणून वाद मिटवणे सोपे होते. पण ते खरे ठरले नसते. लाल भोपळा हाच मुळी अमेरिका खंडातला. आपल्याकडे तो पोर्तुगीज काळाच्या आगेमागे समुद्रामार्गे आला. हॅलोवीनला आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना हे मोठे, पोकळ फळ सापडले. कोरलेला भोपळा काही दिवसांत सडतो, अखंड रंगवलेला कित्येक आठवडे राहतो, म्हणून तिकडे रंगवण्याची सोय रूढ झाली. तिकडेही कारण काटकसरीचेच!

आपल्याकडेही या कुळातील फळांना रंग लागतोच. खंडेनवमीला वसाहतीतील कारखान्यांच्या दारात यंत्रांची पूजा होते; पांढरट कोहळ्याला हळदकुंकू फासतात आणि मग तो फोडतात. पशुबळीच्या जागी आलेला हा बळी आहे. तेथे रंग शोभेसाठी नसतो, निरोपासाठी असतो. दुसरा सजवलेला भोपळा तंबोऱ्याचा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर जाड सालीचा भोपळा वाळवतात, पोखरतात, त्यावर लाखेची चमक आणि नक्षी चढवतात. पण तो खाण्याचा भोपळा नव्हे, तो कडू. आमच्या मते आपल्या परंपरेची वाटणी स्पष्ट होती: कडू भोपळ्याला शृंगार, गोड भोपळ्याला विळी. आजींचा आक्षेप एका वाक्याचा असला तरी त्यामागे ही सारी व्यवस्था उभी होती, आणि तो आम्हाला कन्येच्या ‘संस्कृती’पेक्षा अधिक भरीव वाटला.

तडजोड आजींनीच सुचवली. दुकानातला रंग नको. गेरू, तांदळाचे पीठ आणि हळद चालेल, कारण ते धुतले की जाते. डांगराच्या सालीवर मेणचट थर असतो, त्यावर पाण्यातला गेरू ओघळतो. आजींनी मैद्याची खळ शिजवून त्यात तो कालवला आणि ओल्या फडक्याने साल आधी घासून घेतली. मग भिंतीवर काढतात तशी गोपद्मे, शंख, एका डांगरावर नांगर. कन्येने एकाला डोळे आणि दात काढले; आजींनी त्याच्या कपाळावर हळदीचा टिळा लावून त्याला सभ्य केले. कोजागरीला, 6 ऑक्टोबरला, पाचही डांगरे ओट्यावर होती. येणारे-जाणारे थांबून पाहत. एका शेजाऱ्याने ती मातीची आहेत का, असे विचारले.

दिवाळीनंतर त्यांतील चार धुऊन चिरली. अख्ख्या डांगराला पहिली विळी बाईने लावायची नाही, या प्रथेवर आमच्या घरी आणखी एक वाद होऊ शकला असता. पण त्या दिवशी गुळाचा वास आधीच सुटला होता. आजींनी घारगे केले. बिया राखेत घोळून पुढच्या वर्षासाठी डब्यात गेल्या. पाचवे, डोळ्यादातांचे, आजींनी चिरू दिले नाही. ते अजून फळीवर आहे. गेरू बराचसा झडला आहे, टिळा मात्र दिसतो.