वैनगंगेचा विसरलेला पूल

जबलपूर,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चिरंजीव बाळ यास,

दिवाळीस चि. सौ. सूनबाई व मुले यांना घेऊन तू मोटारीने येणार, संध्याकाळी कचेरी सुटताच पुणे सोडणार आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून अंतर असे काही उरलेलेच नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला आमच्या दारात हजर होणार, हे वाचून तुझी काकू जितकी हरखली तितकाच मी अस्वस्थ झालो.

आम्हां जबलपूरकरांना वाटेवरच्या धोक्याची गोष्ट निघाली की स्लीमनसाहेब आठवतो. याच शहरात बसून त्याने ठगांचे दफ्तर रचले, माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून त्यांची गुप्त बोली टिपली आणि १८३६ साली कलकत्त्यास तिचा कोश छापविला. त्या बोलीत वाटसरूस गोड बोलून वश करणारा तो ‘सोथा’ आणि गळ्यास रुमाल आवळण्याचा इशारा ती ‘झिरनी’. पावसाळा सरून दसरा आटोपला की टोळ्या बाहेर पडत; आणि वाटसरूचा प्राण घेई तो कोणी उघड वैरी नव्हे, तर चार मुक्काम सोबत केलेला, तंबाखूची देवघेव झालेला सज्जन सोबती.

झोपही असाच सोथा आहे, बाळ. पंधराएक वर्षांपूर्वी नागपूरचे एक लग्न उरकून मी रात्रीच परत निघालो. शिवनीस चहा घेतला, तो कपाच्या तुटक्या कानासकट आजही आठवतो; त्यानंतर आठवतात ते एकदम लखनादौनचे दिवे. मधले छपारा, तिथला वैनगंगेवरचा पूल, काही म्हणजे काही आठवत नाही. डोळे उघडे होते, हात चाकावर होते, मागे तुझी काकू निर्धास्त झोपली होती, आणि एवढी नदी मी पाहिल्यावाचून ओलांडली होती! ही हकिकत तिला अद्याप सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस.

त्या रात्री काच उघडी ठेवली होती, गाणी लावली होती, तोंडात सुपारी होती. या साऱ्या उपचारांनी झोप जात नाही, फक्त ती येत असल्याचे आपल्याला कळेनासे होते. तिच्यावर उतारा झोपेचाच: गाडी हमरस्त्यावरून पुरती बाजूला, पेट्रोलपंपाच्या आवारात घ्यावी, कॉफी प्यावी आणि लगेच वीस मिनिटे डोळे मिटावेत, कारण कॉफीचा अंमल चढण्यास तेवढा अवधी लागतोच. रात्री दोन ते पहाटे पाच मात्र हाही उपाय लंगडा पडतो.

गेल्या कुंभाच्या वेळी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, कटनी-मैहर-रीवाच्या वाटेवर वाहनांची अशी कोंडी झाली की माणसे तासन् तास गाडीतच तिष्ठत राहिली. त्याच महिन्याच्या २४ तारखेस, इथून जवळच सिहोऱ्याच्या बाजूस, गोकाककडच्या यात्रेकरूंची जीप दुभाजक ओलांडून समोरच्या बसवर गेली आणि सहा जण दगावले. कारणाचा निवाडा करणारा मी कोण? पण वेळ पहाटेची होती, आणि तीच सडक थोडी पुढे स्लीमनच्या नावाच्या स्लीमनाबादेत शिरते.

तेव्हा तजवीज अशी कर. पुण्याहून सकाळी नीघ आणि नागपुरास मुक्काम कर. आत्याला मी कळविले आहे, ती वाट पाहील. निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, चाकांतली हवा तपासून घे. हवा कमी असली की सिमेंटच्या सडकेवर वेगात टायर तापतो आणि फुटतो. मुलांना मागेही पट्टा हवाच, रडली तरी. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर नागपूर सोड, म्हणजे खवाशानंतर कुरईचा घाट आणि पेंचचे अरण्य उन्हात दिसेल, आणि छपाऱ्याचा पूलही.

तो आता कसा दिसतो ते मला येऊन सांग. काकूने चकलीची भाजणी दळून आणली आहे; घाणा तुम्ही आल्यावरच काढायचा असे ठरले आहे.

तुझा,
काका