चिक्कडपल्लीतील उंच गाडी

हैदराबादेस जाणारा प्रवासी चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय पाहून परततो. चिक्कडपल्लीस तो सहसा जात नाही. तेलुगू भाषेत 'पल्ली' म्हणजे खेडे. ते खेडे शहराच्या पोटात केव्हाच गडप झाले असून आज तेथे मध्यमवर्गीयांची दाट वस्ती आहे. एका अंगास आर.टी.सी. क्रॉस रोड्स व तेथील चित्रपटगृहे, दुसऱ्या अंगास नारायणगुडा; मध्ये त्यागराय गानसभा, व्यंकटेश्वराचे देऊळ आणि परीक्षार्थी तरुणांनी सदैव गजबजलेले मोठे सार्वजनिक ग्रंथालय. काचीगुडा व सुलतान बाजार येथील जुनी मराठी घरे येथून फार दूर नाहीत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा या बाजूस मराठी कानी पडते याचे नवल वाटू नये.

माझी पुतणी लग्न होऊन याच वस्तीत नांदते. गेल्या हिवाळ्यात हुसेनसागर एक्सप्रेसने मी तिच्याकडे गेलो व आठ दिवस राहिलो. त्या आठ दिवसांत ज्या एका विषयावर मी सर्वाधिक ऐकले तो विषय म्हणजे मोटार. आणि तीही साधी मोटार नव्हे, तर हल्ली घरोघर दिसू लागलेली ती उंच, ऐसपैस एस.यू.व्ही.

हे वाहन जीपच्या कुळातले. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवावयास आरंभ केला. पुढे १९९४ मध्ये पुण्याची सुमो, १९९८ मध्ये सफारी आणि २००२ मध्ये नाशिकची स्कॉर्पिओ रस्त्यावर आली. तोवर ही जात सरकारी अधिकारी, पुढारी व भाड्याचे प्रवासी यांची मानली जाई. २०१५ मध्ये क्रेटा व २०१९ मध्ये तेव्हाच्या अनंतपूर जिल्ह्यात बनणारी सेल्टॉस आली आणि बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थासही अशी गाडी आपली वाटू लागली. गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचीत गेले तर प्रांताचा इतिहासही कळतो: सर्वांत जुन्या गाड्यांवर ए.पी., २०१४ नंतरच्यांवर टी.एस. आणि मार्च २०२४ नंतरच्यांवर टी.जी.

जावईबापूंनी ही गाडी घेतली ती वसईच्या वाटेसाठी. नाताळात व मे महिन्यात सर्वांना घेऊन घरी यावयाचे. झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर, पुणे असा सातशे किलोमीटरांहून अधिक पल्ला. त्या वाटेवर गाडीसारखे सुख नाही, हे ते मोकळ्या मनाने सांगतात. सामान पोटात मावते, मुले मागे झोपतात, उंचावरून पुढचा रस्ता दिसतो. परंतु वर्षातील असे दिवस किती? फार तर बारा. उरलेले तीनशे त्रेपन्न दिवस ती गाडी चिक्कडपल्लीच्या गल्लीत काढते आणि मालकाच्या कपाळावरच्या आठ्या तेथल्या.

पहिली अडचण ठेवण्याची. इमारतीखालचे खांब लहान मोटारींच्या काळी उभारलेले. जुनी अम्बॅसॅडर लांबीने आजच्या या मध्यम गाडीएवढीच, सुमारे सव्वाचार मीटर होती. वाढली आहे ती रुंदी आणि उंची. ती वाढ बरोबर दाराच्या जागी नडते. म्हणून गाडी आत घेण्यापूर्वी सर्वांनी गल्लीतच उतरावयाचे, दोन्ही बाजूंचे आरसे मिटावयाचे आणि चालकाने अंग चोरून बाहेर पडावयाचे, हा रोजचा विधी झाला आहे. जावईबापूंचे पोट थोडे सुटले आहे. त्या विधीचे वर्णन येथे न केलेले बरे.

दुसरी अडचण मला ठाऊकच नव्हती. गाडी डिझेलची. एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, तेव्हापासून अशा गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळावयास नळी चांगली तापावी लागते आणि ती तापते मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने गेल्यावर. घर ते कचेरी हा तीन किलोमीटरांचा रखडत होणारा प्रवास तिला पुरत नाही. मग समोरच्या फळीवर इशाऱ्याचा दिवा लागतो. यासाठी जावईबापू दर पंधरवड्यास रविवारी सकाळी शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरांच्या बाह्य वर्तुळ मार्गावर जाऊन अर्धा तास गाडी पळवून आणतात. घोड्यास फेरफटका द्यावा, तसे. खालच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षकांनी पेट्रोलची घेतली, त्यांना ही दगदग नाही. पण गावात लिटरमागे जेमतेम नऊ किलोमीटर, हमरस्त्यावर पंधरा, असा त्यांचा वहीतला हिशेब आहे.

पावसाळ्यात मात्र या उंच गाडीचा अनेकांना हेवा वाटतो. हुसेनसागरचे जादा पाणी वाहून नेणारा नाला अशोकनगर व गांधीनगरच्या बाजूने जातो. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात सुमारे चोवीस सेंटिमीटर पाऊस पडून ही सखल वस्ती पाण्याखाली गेली होती. ऑक्टोबर २०२० च्या पावसानेही शहर असेच बुडाले. गाडीचे पोट जमिनीपासून वीस सेंटिमीटरांच्या आसपास उंच असल्याने गुडघ्याखालचे पाणी ती सावकाश ओलांडते. पण ही उंची फसवीही आहे. शेजारच्या एका सद्गृहस्थांची गाडी पाण्यात बंद पडली, तेव्हा लोक म्हणाले, पुन्हा चालू करून पाहा. त्यांनी ते केले नाही, ढकलून बाहेर काढविली. त्यांनी केले ते योग्यच. हवा घेण्याच्या मार्गाने पाणी इंजिनात शिरले असता कळ फिरविली, तर पाणी दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो आणि लाखाचे काम निघते. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरीत नाहीत. त्यासाठी इंजिन-संरक्षणाचा वेगळा हप्ता भरावा लागतो.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो. मी तेथे असतानाच एका सकाळी रखवालदाराची चार वर्षांची मुलगी गाडीच्या नाकाशी, जमिनीवर बसून खडूने रेघोट्या ओढीत होती. जावईबापू आत बसले, गाडी चालू केली. मागे पाहावयास कॅमेरा आहे, पुढे नाही. एवढ्या उंच नाकापलीकडे खाली बसलेले मूल चालकास दिसतच नाही. मुलीची आई ओरडली म्हणून सर्व निभावले. त्यानंतर दिवसभर जावईबापू कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून घरात नियम झाला आहे: कोणीतरी पायी गाडीभोवती फिरून आल्याशिवाय कळ फिरवावयाची नाही. बहुधा पुतणीच फिरते.

त्याच संध्याकाळी तिने मला विचारले, "काका, ही गाडी आम्हांला सुरक्षित वाटते म्हणून घेतली. पण मागे बसलेले कोणी पट्टा लावतात का, तुम्हीच सांगा." मी गप्प राहिलो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीस अपघात झाला, तो वसईकरांच्या स्मरणात आहे. गाडी याच उंच जातीची व नामांकित होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेच गेले. मागील पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

मग विकावी का, अशी चर्चा तीन रात्री चालली. निवृत्त शिक्षकांचे मत, चार मीटरांच्या आतली लहान घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान इंजिनाच्या अशा गाडीवर कर १८ टक्के आहे, मोठीवर ४०. गावात फिरावयास चिक्कडपल्लीचे मेट्रो स्थानक फेब्रुवारी २०२० पासून दाराशी आहेच. सुलतान बाजार तेथून दुसरे स्थानक. वसईच्या वाटेपुरती भाड्याने आणावी. हिशेबात त्यांचे चूक काढता येत नव्हते, आणि मला स्वतःलाही ते पटत होते.

अडले ते विहीणबाईंपाशी. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे शस्त्रक्रिया केलेले. बुटक्या मोटारीत त्यांना अंग खाली टाकावे लागते आणि उठताना दोघांचे हात लागतात. उंच गाडीच्या पायरीशी लाकडी पाट ठेवला की त्या एकट्या चढतात. एवढा वेळ त्या शेंगा सोलीत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "भाड्याच्या गाडीत माझा पाट ठेवू देतील का?"

त्यावर शिक्षकांनी वही मिटली. मी निघेपर्यंत गाडी विकली गेली नव्हती. स्थानकावर मला पोहोचवावयास निघताना पुतणी गाडीभोवती फिरून आली, विहीणबाईंनी मागचा पट्टा मागून घेतला, आणि मग कळ फिरली.