अब्बांची कात्री, माझं विमान

अब्बांनी गडहिंग्लजमध्ये तीस वर्षं शर्ट-पँट शिवल्या. रेडीमेडच्या जमान्यात दुकान बंद झालं आणि ते घरात गप्प राहू लागले. त्याच खोलीत मी थर्माकोल कापून रिमोटचं त्रिकोणी विमान बनवत होतो. आपल्या ‘तेजस’चे पंखही याच डेल्टा आकाराचे. आडवी शेपटी नाही. मागच्या दोन पट्ट्या एकदम वर केल्या की नाक वर, एक वर एक खाली केली की विमान कलतं.

लांबी 60 सेंटिमीटर. शाळेतल्या भूमितीप्रमाणे त्रिकोणाचा मध्य टोकापासून 40 वर, म्हणून वजन तिथंच तोललं. फज्रनंतर माळावर सोडलं. नाक वर करून उलटलं, खडकावर आपटलं. मग कळलं, अशा पंखावर हवेचा तोल साधारण निम्म्यावर, 30 वर असतो. वजन त्याच्या पुढंच हवं. दुसऱ्या विमानात बॅटरी नाकाकडं सरकवून 26 वर आणलं.

ते उडालं, पण एकाच बाजूला ओढायचं. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी पंख बोटांनीच चाचपले.

"एक बाजू दोन सूत मोठी आहे. कागद दुमडून काप, बेटा."

कित्येक महिन्यांनी त्यांनी कात्री हातात घेतली.

तिसरं सुसाट गेलं. 100 मीटर वाऱ्याबरोबर 3 सेकंदांत, वाऱ्याविरुद्ध 4. सरासरी ताशी 105 किलोमीटर. अब्बांना ते दिसलं नाही. "आवाज सरळ जातोय," म्हणाले आणि घरी आल्यावर चौथ्यासाठी कागद मागितला.